नखावरचा थेंब

सत्यशीला गोळ्यांची बाटली कधी वाजू देत नसे. संगमनेरच्या सरकारी दवाखान्यातून ती गोळ्या घेऊन निघे, तेव्हा फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली थांबून बाटलीचं झाकण उघडी, जुन्या साडीचा एक तुकडा आत दाबी आणि मगच बाटली पिशवीत टाकी. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला काही ऐकू जाऊ नये, एवढाच हेतू. गोळ्या एचआयव्हीच्या होत्या, आणि ते अकोले तालुक्यातल्या तिच्या माहेरात आईवडिलांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

त्याच झाडाखाली एकदा एक उंच, हाडकुळा माणूस तिच्या शेजारून गेला. त्याच्या खांद्याच्या पिशवीत बाटली पावलागणिक खुळखुळत होती.

"दादा, तुमची वाजतेय," सत्यशीला न राहवून म्हणाली.

"वाजू द्या की. कुनी इचारलं तर सांगतो, घरी बारकं हाय, त्येला खुळखुळा नेतोय."

"आहे का बारकं?"

"कुठलं वो. अजून लगीनच न्हाई."

तो बिभीषण. प्रवरेच्या काठी, संगमनेरपासून फार लांब नाही अशा एका गावात त्याची थोडी बागायत होती आणि गोठ्यात चार गायी. आधी तो दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता, रोज रात्री मुंबईच्या वाटेला. त्या रस्त्यावर आजार लागला. त्याने ते सत्यशीलापासून कधी लपवलं नाही आणि कुणाच्या माथीही मारलं नाही. दवाखान्यातल्या एचआयव्ही केंद्रातल्या समुपदेशक निकिता मॅडम हुशार बाई. कडुनिंबाखाली दोघं बोलत थांबतात हे त्यांनी खिडकीतून दोनतीनदा पाहिलं आणि पुढच्या खेपेला दोघांना एकाच वेळी आत बोलावलं. वर्ष उलटायच्या आत लग्न झालं, देवळात, मोजक्या माणसांत. "पयल्या दिशी मला दादा म्हनली हुती," हे बिभीषण पुढे कितीतरी दिवस ऐकवत असे. सत्यशीला म्हणे, "मग आता काय साहेब म्हणू?"

सत्यशीलाचं हे दुसरं लग्न. पहिलं सुप्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या मुलाशी झालं होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिवस राहिले, पाचवीपर्यंतच्या पूजेची तयारी मनातल्या मनात झाली, आणि दवाखान्यात नाव घालायला गेली तेव्हाच्या रक्तात आजार निघाला. नवऱ्याचं रक्त तपासलं तर तिथेही तेच. सासूने रडारड केली नाही. दुसऱ्या आठवड्यात सत्यशीलाला गाडीत घातलं आणि पिशवी साफ करून आणली. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही, कारण आजारी बाईला मूल आजारीच होणार, असं सगळेच म्हणत होते. नवऱ्याने लाजेपायी औषध सुरू केलं नाही आणि तो दोन वर्षांत गेला. ती माहेरी आली, गोळ्या सुरू केल्या, अंग धरलं. पुढे एकदा केंद्रातल्या भिंतीवर तिने एक चित्र पाहिलं. औषध घेणारी आई आणि तिच्या मांडीवर धडधाकट मूल. खालची ओळ तिने दोनदा वाचली. आजारी बाईला मूल आजारीच होतं, हे खरं नव्हतं. त्या दिवशी बाटलीत चिंधी घालायचं ती विसरली आणि घरापर्यंत तिच्या लक्षातही आलं नाही.

नव्या घरात सासू होती, झुंबरबाई. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं ते नवरा गेल्यावर पुसलेलं, पण त्या जागी कातडी अजून उजळ दिसे. बिभीषण अंथरुणाला खिळला होता तेव्हा तिने त्याला लहान मुलासारखा न्हाऊ-माखू घातला, पेज पाजली, गोळी जिभेवर ठेवून वर पाणी ओतलं आणि पायावर उभा केला. गावाला सांगितलं कावीळ झाली होती. सुनेचा आजार तिला लग्नाआधीच माहीत होता. पहिल्या दिवशी तिने सत्यशीलाला एवढंच म्हटलं, "तुजी गोळी आन् त्येची गोळी एका टायमाला घेत जा. म्हंजी मला एकदाच वरडावं लागंल."

झुंबरबाईचं सगळं आयुष्य दुधात गेलं होतं. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन ती स्वतः डेअरीवर जायची. डेअरीचा पोरगा मशीनमध्ये दूध घालायच्या आत ती एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायची आणि नख जरा तिरकं करायची. थेंब घसरून गेला तर दूध पातळ, मागे पांढरा माग ठेवून थांबला तर फॅट चांगली. दुसऱ्यांच्या दुधावरही ती हाच प्रयोग करी आणि तोंडावर सांगे. "कडूबाई, आज गाय पिळली का हापसा?" बांधापलीकडची कडूबाई यावर दोन दिवस बोलायची नाही.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर तांबडी गाय व्याली. सत्यशीला रात्रीपासून गोठ्यात बसून होती. कालवड झाली. ओली, थरथरती, उठायचा प्रयत्न करून पुन्हा पडणारी. तांबडी तिला चाटत राहिली आणि सत्यशीला बघत राहिली. झुंबरबाईने चीक काढला, बिभीषणने वार पुरून टाकली, उजाडलं, तरी ती तिथेच.

"चहा टाकायचा न्हाई का?" बिभीषणने विचारलं.

"अहो," ती म्हणाली, "आपल्याला एक हवं."

बिभीषणला कालवड म्हणते की काय असं वाटलं. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं. तो गव्हाणीच्या कडेवर बसला.

"आपलं दोघांचं बरं चाललंय की, शीला."

"चाललंय."

"मंग?"

"मग काय. चाललंय म्हणूनच म्हणते. आजारी असते तर म्हणाले असते का?"

खरं तर ही गोष्ट त्याच्याही मनात होती, टँकर सोडला त्या दिवसापासून. फक्त ती बोलून दाखवायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

झुंबरबाई मात्र ऐकून हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, "न्हाई."

"आत्या, ऐकून तर घ्या."

"काय ऐकू? तुमी दोगं शानी हायसा, गोळ्या खाता, जगता. त्या जिवानं काय केलंय? आन् मी एकाला उभं केलंय, शीला. रात-रात त्येच्या छातीवर हात ठिऊन बसले, श्वास चालतोय का बघत. दुसऱ्याला उभं करायची ताकद ऱ्हायली न्हाई माज्यात."

त्यात राग नव्हता, म्हणून सत्यशीलालाही वाद घालता आला नाही. तिने एवढंच केलं. पुढच्या खेपेला झुंबरबाईला सोबत घेऊन ती केंद्रात गेली.

निकिता मॅडमनी तिघांना बसवलं. सत्यशीलाच्या रक्ताचा नवा तपास आला होता. "विषाणू इतका कमी झालाय की मशीनला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दोघांचंही तसंच आहे. डॉक्टर म्हणतात, आता हरकत नाही."

"दिसत न्हाई म्हंजी हाय का न्हाई?" बिभीषणने विचारलं.

"आहे. पण झोपलाय."

"मंग झोपू द्या त्येला. आमी पाय न वाजवता चालतो."

निकिता मॅडम हसल्या. झुंबरबाई हसली नाही. "बाई, मला एकच सांगा," ती म्हणाली. "पोराला हुनार का न्हाई?"

"आईनं एकही गोळी चुकवली नाही, बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला औषध दिलं, सांगितलं तसंच दूध पाजलं, तर शंभरात एखाद्याला होतं. कधी दोघांना."

"म्हंजी हुतं."

"होऊ शकतं. खोटं नाही सांगणार."

परतताना एसटीत झुंबरबाई खिडकीपाशी बसली आणि घरापर्यंत बाहेरच बघत राहिली. बिभीषणला वाटलं, मोडलं. संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा सत्यशीलाच्या ताटाशेजारी घरातला सगळ्यात मोठा पितळी पेला होता, काठोकाठ भरलेला.

"हे काय?"

"दूद. पी. पोरगं काय हवेतनं हुतंय?"

पुढचे महिने घरात त्याबद्दल कुणी उघड बोललं नाही, पण सगळं त्या एका गोष्टीभोवती फिरत होतं. सत्यशीलाला दिवस राहिले. गोळीची वेळ झाली की झुंबरबाई गोठ्यातून हाक मारी, "घेतली का?" आणि सत्यशीला घरातून "घेतली" म्हणे. कडूबाईला वाटे सासूने सुनेला कसलीतरी देवीची उदी सुरू केली आहे. "मला पण दे की, माज्या सुनेला," ती म्हणाली. झुंबरबाई म्हणाली, "तुज्या सुनेला तिसरं हाय. तिला कशाला उदी? कुलूप दे."

मुलगी झाली. नाव ठेवलं सृष्टी. दवाखान्यातून निघताना बाळाला पाजायची पातळ औषधाची बाटली मिळाली आणि निकिता मॅडमनी सत्यशीलाला आणि झुंबरबाईला समोर बसवून एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. सहा महिने फक्त आईचं दूध. घुटी नाही, मध नाही, गुळाचं बोट नाही. "वरचं काहीसुद्धा नाही. पाणीसुद्धा नाही. आजी, लक्षात राहील ना?"

"ऱ्हाईल की. पानी न्हाई."

झुंबरबाईने ते पाळलंही. पाचवीला सटवाई पुजली, पण बाळाच्या ओठांना कुणाचं बोट लागू दिलं नाही. बघायला आलेली एक बाई पदराखालून मधाची बाटली काढू लागली तर तिला उठवून ओसरीत नेऊन बसवलं. सत्यशीला आतून ऐकत होती आणि तिला वाटलं, आईच्या घरी असते तरी मी एवढी निर्धास्त नसते.

तिसऱ्या महिन्यात सृष्टी संध्याकाळची रडू लागली. पाजून झालं तरी रडे, मुठी चोखी. सत्यशीला पुन्हा घेई, तेवढ्यापुरती गप्प बसे, की पुन्हा सुरू. झुंबरबाई उंबऱ्यात बसून बघायची. एकदा सत्यशीला बाळाला घ्यायला पदर सारत होती, तेव्हा ती पुढे सरकली आणि अंगठा पुढे केला.

"एक थेंब दे बरं."

सत्यशीलाला हसू आलं. "आत्या, मी डेअरीला घालणार नाहीये."

"दे तर."

तिने दिला. झुंबरबाईने नख तिरकं केलं. थेंब निळसर, पाण्यासारखा, सरळ घसरून तळहातावर गेला. ती हात पदराला पुसून उठली आणि गोठ्यात गेली. सत्यशीला ती गोष्ट विसरूनही गेली.

त्यानंतर सृष्टीचं रडणं कमी झालं. सत्यशीला पुन्हा सकाळची घास कापायला शेतात जाऊ लागली. परत येई तेव्हा मुलगी आजीच्या मांडीवर शांत झोपलेली असे. असेच थोडे दिवस गेले. एका सकाळी ती विळा टांगून, हात धुऊन बाळाला घ्यायला वाकली, गालाला गाल लावला, आणि तशीच थांबली. बाळाच्या हनुवटीच्या घडीत वास होता. दुधाचाच, पण आपला नाही. ज्या घरात दोन्ही वेळा गायी पिळल्या जातात, तिथल्या बाईला हा वास ओळखायला वेळ लागत नाही. तापवून निवलेलं गायीचं दूध. तांबडीचं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. फडताळात, चहाच्या डब्यामागे बोंडलं होतं. बिभीषण तान्हा असताना ज्या चोचीच्या भांड्यातून दूध प्यायला होता ते. चिंचेने घासून लख्ख केलेलं.

"आत्या," ती म्हणाली. आवाज तिने चढू दिला नाही, बाळ हातात होतं. "हिला वरचं पाजलंत?"

झुंबरबाई चुलीपुढून वळली. तिने लपवालपवी केली नाही.

"पोर उपाशी ऱ्हात हुती, शीला. तुज्या दुदाला फॅट न्हाई. म्या बघितलं ना नखावर."

"त्या बाई पाणीसुद्धा नको म्हणाल्या होत्या."

"पानी न्हाईच दिलं," झुंबरबाई म्हणाली, आणि त्यात थोडा अभिमानही होता. "थेंबभर सुदिक घातलं न्हाई. बाकीच्या बाया निम्मं पानी घालत्यात पोरांच्या दुदात. म्या निव्वळ दिलं. वारंवार तापवून, गाळून."

सत्यशीला भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या ध्यानात आलं की सासूने निकिता मॅडमचा शब्द न् शब्द पाळला होता. दूध घालणाऱ्या माणसाला 'पाणीसुद्धा नाही' याचा दुसरा काय अर्थ लागणार? डेअरीच्या दारावर तेच तर लिहिलेलं असतं. भेसळ म्हणजे पाणी. दूध ही भेसळ कशी असेल?

दुपारच्या आत तिघं बाळाला घेऊन केंद्रात पोचले. निकिता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, पण चेहरा बदलला. तान्ह्या बाळाचं आतडं फार कोवळं असतं, त्या म्हणाल्या. आईचं दूध त्याला सोसतं. वरचं दूध गेलं की आत खरचटल्यासारखं होतं आणि त्या खरचटलेल्या जागेतून आजाराला वाट मिळू शकते. नुसतं वरचं दूध पाजलं असतं तर एक वेळ चाललं असतं. दोन्ही एकत्र, हे सगळ्यात वाईट.

"आता काय करायचं?" बिभीषणने विचारलं.

"वरचं आजपासून बंद. आईचं चालू. बाळाचं औषध डॉक्टर आणखी पुढे न्यायला सांगतील. सत्यशीलाच्या रक्तात विषाणू दिसत नाही, ही मोठी जमेची बाजू आहे. भीती थोडीच आहे. पण आहे. रक्त अधूनमधून तपासत राहू. शेवटचं उत्तर मात्र सृष्टी दीड वर्षाची झाल्यावर."

झुंबरबाई दाराशी उभी होती. आत बसायला खुर्ची होती, तरी बसली नाही.

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी तांबडीच्या पायाशी बसली. सत्यशीला ओसरीत बाळाला घेऊन होती. किटलीत धारांचा आवाज सुरू झाला, बारीक होत गेला आणि थांबला. मग हाक आली.

"शीला. हिकडं ये जरा."

सत्यशीला गेली. झुंबरबाईने शेजारच्या न पिळलेल्या गायीच्या सडातून पहिली धार काढली, थेंब नखावर घेतला आणि तिच्यापुढे धरला. थेंब घसरून गेला. मग ती तांबडीकडे वळली, पिळून संपत आलेल्या सडातून शेवटचे दोन थेंब ओढून काढले आणि नखावर घेतले. नख उभं केलं तरी ते जागचे हलले नाहीत. मलईसारखे चिकटून राहिले.

"पयली धार पातळ असती," ती म्हणाली. "घट्ट दूद शेवटाला येतं. गायीचं तसं, म्हशीचं तसं. बाईचं येगळं कसं आसंल? जलमभर मी हेच केलं. कालवडीला शेवटच्या धारा ठिवायच्या, हे मी लोकांला शिकिवलं. आन् तुला पयल्याच थेंबावर नापास केलं."

सत्यशीला तिच्या शेजारी खाली बसली. तिला सासूला काहीतरी बोलायचं होतं, दिवसभर ती शब्द जुळवत होती, पण तांबडीच्या पोटाला डोकं टेकून बसलेल्या झुंबरबाईकडे पाहून तिने ते सोडून दिले. तिने फक्त म्हटलं, "किटली भरा, आत्या. डेअरी बंद होईल."

दुसऱ्या दिवसापासून झुंबरबाईने एक गोष्ट सोडली. ती सृष्टीला न्हाऊ घाले, तेल चोळी, खांद्यावर टाकून अंगणभर फिरवी, पण तिच्या तोंडाला काही लावत नसे. औषधाचा चमचासुद्धा सत्यशीलाच्या हातात देई. सहा महिने झाले, दोन तपासण्या नीट निघाल्या, उष्टावण करायचं ठरलं. सत्यशीलाचा भाऊ अकोल्याहून आला. खीर झुंबरबाईने केली, तांबडीच्याच दुधाची, आटवून आटवून. मामाने चमचा भरवला, बिभीषणने भरवला, कडूबाईनेही पुढे होऊन भरवला.

"झुंबरे, तू गं?" कडूबाई म्हणाली.

"माजे हात गोठ्यातले हायत."

"धू की मंग. का पोरगी झाली म्हनून आजीला नात नगं झाली?"

सगळ्यांसमोर बोललेला हा टोमणा झुंबरबाईने गिळला. दुसरी वेळ असती तर ती कडूबाईच्या दुधावर, सुनेवर, सात पिढ्यांवर घसरली असती. सत्यशीला मध्ये बोलायला गेली तशी तिने डोळ्यांनीच थांबवलं. बोलायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं. रात्री भांडी घासताना सत्यशीला म्हणाली, "आत्या, आता वरचं चालतं. डॉक्टरांनीच सांगितलंय. भरवा की तुम्ही."

"शेवटचं रगत येऊ दे."

"नाही आलं चांगलं तर?"

झुंबरबाई राख लावत राहिली. "तर ह्या हातांनी कुनालाच काय भरवायचं न्हाई," ती म्हणाली.

सृष्टी रांगली, भिंत धरून उभी राहिली, अंगावरचं दूध सुटलं. तिला आजीच्या हातचं हवं असे. ताटली घेऊन ती झुंबरबाईपाशी जाई आणि आ करून उभी राही. झुंबरबाई तिला उचलून सत्यशीलाकडे नेऊन ठेवी. हे इतक्या वेळा झालं की पुढे मुलीने आ करणंच सोडलं. ती आजीकडे फक्त खेळायला जाऊ लागली. सत्यशीलाला रक्ताच्या तपासापेक्षा हे जास्त लागे. आपल्याला मूल हवं होतं, ते आलं. पण त्याच्यामुळे या बाईच्या हातातलं काहीतरी गेलं, आणि तेही आजार झाला की नाही हे ठरायच्या आधीच.

शेवटच्या तपासाचं उत्तर घ्यायला दोघंच गेली. झुंबरबाई आली नाही. गाय माजावर आहे, डॉक्टर यायचा आहे, असं म्हणाली. गाय माजावर नव्हती. हे तिघांनाही माहीत होतं.

केंद्राबाहेरच्या बाकावर सृष्टीने आईच्या पिशवीत हात घातला, आत्ताच मिळालेली गोळ्यांची बाटली बाहेर काढली आणि हलवली. तिला आवाज आवडला. ती पुन्हा हलवू लागली. समोरच्या बाकावरची एक नवी, घाबरलेली मुलगी चमकून वर बघायला लागली. सत्यशीलाचा हात बाटली काढून घ्यायला पुढे झाला, आणि तेवढ्यात आतून हाक आली.

निकिता मॅडमनी कागद टेबलावर सरळ केला आणि आधी हसल्या, मग बोलल्या. "नाही."

बिभीषण खुर्चीत पुढे सरकला. "न्हाई म्हंजी झोपलाय का न्हाईच?"

"नाहीच. तिच्या रक्तात नाहीच आहे तो."

बिभीषणने मान खाली घातली आणि कितीतरी वेळ आपल्या चपलांकडे पाहत राहिला. सत्यशीलाने सृष्टीला घट्ट धरलं, इतकं की मुलीने तक्रार केली. तिला सुप्याची ती गाडी आठवली, मागच्या सीटवर बसलेली बावीस वर्षांची मुलगी आठवली, जिला कुणी काही विचारलं नव्हतं. निकिता मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला आणि न पिताच परत ठेवला.

बाहेर आल्यावर बिभीषणने मोबाईल काढला. "आयला सांगतो."

"फोनवर नको," सत्यशीला म्हणाली. "आणि एक वाटी दूध तापवायला सांगू नका. मीच तापवीन."

एसटीत सृष्टी सबंध रस्ता ती बाटली हलवत होती. कडुनिंबाखाली थांबून चिंधी घालायची राहून गेली होती. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "काय गं, खुळखुळा का?" सत्यशीला म्हणाली, "व्हय, खुळखुळाच," आणि बिभीषण खिडकीकडे तोंड करून हसू लागला.

झुंबरबाई गोठ्यात होती, गव्हाण झाडत होती. आधीच झाडलेली. दोघं आत आली तरी तिने मान वर केली नाही.

"डॉक्टर येऊन गेले का?" बिभीषणने विचारलं.

"कसले डाक्टर?"

"गायीचे."

"न्हाई आले," ती म्हणाली. झाडू चालूच होता.

सत्यशीला सरळ घरात गेली. सकाळचं दूध तापवलं, निवू दिलं, वाटीत ओतलं. वाटी घेऊन ती गोठ्यात आली, झुंबरबाईच्या हातातला झाडू काढून बाजूला ठेवला आणि गव्हाणीच्या कडेवर तिला बसवलं. सृष्टीला तिच्या मांडीत दिलं. मग वाटी पुढे केली.

"हात धुऊन यायचंय ना तुम्हाला?" ती म्हणाली. "बादली तिथं आहे."

झुंबरबाईने वाटीकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे. काय विचारायचं होतं ते तिने विचारलं नाही. ती सृष्टीला खाली उभी करून उठली, बादलीतल्या पाण्यात दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, पदराला पुसले, पुन्हा बसली आणि नातीला नीट मांडीवर घेतलं. वाटीत बोट बुडवून एक थेंब तिने अंगठ्याच्या नखावर घेतला. सवयच ती.

"कुठल्या गायीचं हाय?" तिने विचारलं. "पातळ दिसतंय."

नख तिरकं व्हायच्या आत सृष्टीने तिचा अंगठा दोन्ही हातांनी धरला आणि थेंब चाटून टाकला. मग वर बघून, किती दिवसांनी, आ केला.